उघडी गाडी

आंबा घाट उतरायला लागून फार वेळ झाला नव्हता. एक वळण घेऊन गाडी सरळ झाली, पुढचा उतार दिसला, आणि मी ब्रेकवर पाय ठेवला तर पाय थेट तळाला गेला. मध्ये काही अडलंच नाही. उशीवर पाय पडावा तसा. उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

शेजारी माझ्या नणंद, राजमतीअक्का, नेहमीसारख्या डोळे मिटून बसल्या होत्या. डोक्यावरून घेतलेला पदर हनुवटीखाली मुठीत घट्ट धरलेला. गाडी दोनच माणसांची, उघडी. कापडी टप मागं घडी घालून ठेवलेला. घाटातला गार वारा सरळ तोंडावर येत होता.

"अक्का," मी म्हणाले, "ब्रेक लागत नाहीत."

त्यांनी डोळे उघडले. "कमी लागतात की लागतच नाहीत?"

"लागतच नाहीत."

अक्का गणिताच्या शिक्षिका. उत्तराला हात घालण्याआधी प्रश्न नीट वाचायचा, ही त्यांची जन्माची सवय. क्षणभर त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "अशा वेळी भूपाल काय करायचा?"

"गिअर उतरवायचे."

"मग उतरव."

त्या जुन्या गाडीत वरच्या गिअरमधून खालच्यात यायचं म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागे, मधे थोडं अ‍ॅक्सिलरेटर द्यावं लागे. सपाट रस्त्यावरसुद्धा माझ्या हातून दहातला एखादा गिअर कुरकुरायचाच. त्या दिवशी मात्र तिसऱ्यातून दुसरा कसा पडला ते मला कळलंही नाही. इंजिन मोठ्यानं ओरडलं, गाडीला मागून कुणी धरल्यासारखा हिसका बसला आणि वेग थोडा आवरला. मी हातब्रेक ओढत राहिले. ब्रेकचं अस्तर जळाल्याचा वास यायला लागला. तरी गाडी थांबायचं नाव घेईना. समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक रस्त्याचा मधला भाग धरून वर येत होता.

"डावीकडं डोंगर आहे," अक्का म्हणाल्या. आवाज वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं इतका साधा. "दरीकडं बघू नकोस. डोंगराकडं बघ."

मी डोंगराकडं बघितलं. तिथं मातीचा बांध होता, खाली उथळ गटार. चाकं हळूहळू त्या बाजूला घेतली. डावा मडगार्ड मातीला घासला, गवत, खडे, कसलीशी झुडपं गाडीत उडाली, ट्रक हॉर्न वाजवत उजवीकडून निघून गेला, आणि आणखी थोडं घासत जाऊन आम्ही थांबलो. इंजिन आपोआप बंद पडलं. मग काही वेळ फक्त गरम लोखंडाचा टिकटिक आवाज येत राहिला.

माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. अक्कांनी त्यावर आपला हात ठेवला, एकेक बोट सोडवलं, आणि मग कसलीही घाई न करता दार उघडून खाली उतरल्या. मागच्या बाजूला एका दगडाआड गेल्या आणि मला त्या ओकत असल्याचा आवाज आला. पोटात काहीच नसताना येतात तशा कोरड्या ओकाऱ्या.

मला वाटलं, घाबरल्या. कोण घाबरणार नाही?

पाण्याची बाटली घेऊन मी गेले. त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "आता काय करायचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज तोच.

ही गाडी माझ्या नवऱ्याची. घरात मी त्यांना 'अहो' म्हणायची. आता सत्तरी उलटल्यावर लिहिताना नाव घ्यायला हरकत नाही. भूपाल मगदूम. आम्ही जयसिंगपूरचे. भूपाल इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत इंजिनिअर होता. कुरुंदवाडला एका जुन्या घराण्याच्या गोठ्यात ही विलायती गाडी त्याला दिसली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पत्र्याचा मूळचा रंग हिरवा होता हे त्यानं नखानं खरवडून शोधून काढलं. तारांची चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा, आत दोन कार्ब्युरेटर. ती बैलगाडीमागं बांधून घरी आणली आणि मग कित्येक वर्षं आमचा प्रत्येक रविवार तिच्याखाली गेला. भूपाल पालथा, उताणा, कुशीवर. आणि मी शेजारी बसून पाने देणार. "बारा-चौदा दे. तो नव्हे, आखूड." गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा बाजारातली भाजीवाली म्हणाली, "मगदूम, टप घ्यायला पैसं कमी पडलं व्हय?" तेव्हापासून गावात तिचं नाव 'मगदुमांची उघडी गाडी'.

मग एका सकाळी भूपाल कारखान्यात यंत्राजवळ उभा असताना खाली बसला आणि उठला नाही. मी पस्तिशीची होते. मूलबाळ नव्हतं.

अक्का त्याच गावात शाळेजवळ एका खोलीत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण जवळीकही नव्हती. त्या कमी बोलणाऱ्या, कडक. मला त्यांचा धाक वाटे. भूपाल गेल्यावर भेटायला येणारी माणसं ओसरली, तशा त्या एका संध्याकाळी ट्रंक घेऊन आल्या आणि राहिल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसांत मी कुणाशीच बोलत नव्हते. रडतही नव्हते. स्वयंपाक करायची, भांडी घासायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. तिच्याकडं बघवेना म्हणून एक दिवस मी म्हणाले, "अक्का, ही कुणाला तरी देऊन टाका."

"देऊ," त्या म्हणाल्या. "पण चालती देऊ. बंद गाडी दिली तर लोक तिचं भंगार करतात. भूपालच्या कामाचं भंगार मला नको."

"चालू कोण करणार?"

"तू. तुला पाने ठाऊक आहेत. मी पुस्तक वाचते."

खरंच तसं झालं. रविवारी सकाळी अक्का शेडमध्ये खुर्ची टाकून बसायच्या, गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन एकेक वाक्य मोठ्यानं वाचायच्या, मराठीत सांगायच्या, आणि मी हात घालायची. सुरुवातीला मला राग यायचा. ही बाई मला माझ्या दुःखातसुद्धा गृहपाठ देते, असं वाटायचं. पण इंजिनला ठिणगी देणारे पॉइंट घासून त्यातली फट बरोबर लावली आणि हँडल मारल्यावर इंजिन खोकत खोकत सुरू झालं, त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी रबरी नळी धरायची, दुसरं टोक कानात घालायचं आणि दोन्हींचा श्वास सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. चाकाच्या तारांवर पान्यानं टिचकी मारत जायचं, जी तार बद्द वाजेल ती ढिली. हे सगळं मी भूपालला करताना पाहिलं होतं. पाहता पाहता ते मला येत होतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

गाडी चालू झाल्यावर तिला देऊन टाकायचं कुणी लगेच बोललं नाही. "रोज उभी राहिली तर पुन्हा बिघडेल," अक्का म्हणाल्या. "रविवारी फिरवून आणू." मग दर रविवारी आम्ही निघायचो. नृसिंहवाडी, बाहुबली, कधी वाडीच्या पुलापलीकडं औरवाडच्या उसांतून. रविवारी अक्कांचा उपवास असे. आम्हा जैनांकडं उपवासाचं नवल नाही, कुणाचा कशाचा असतोच. त्या गाडीत बसायच्या, पदर हनुवटीशी धरायच्या, डोळे मिटायच्या. आणि मी बोलायची.

घरात तोंडातून शब्द फुटत नसे तीच मी गाडीत बोलायला लागले की थांबायची नाही. वाऱ्यात मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून असेल. समोर बघून बोलता येतं, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणूनही असेल. भूपालबद्दल बोलायची. त्याच्यावरचा राग बोलायची, की दुखतं म्हणून कधी सांगितलं नाही, मला न विचारता गेला. अक्का "हं" म्हणायच्या. क्वचित "मग?" विचारायच्या. मला वाटे, त्या अर्धवट झोपेत असतात, आणि ते बरंच होतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग अक्कांच्या कोल्हापूरच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा, मालनताई सुर्व्यांचा, रत्नागिरीहून निरोप आला. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर होते, निवृत्त झाले होते, आणि असल्या जुन्या गाडीच्या शोधात होते. माणूस जाणता होता. भंगार करणारा नव्हता. अक्कांनी मला फक्त विचारलं, "काय करायचं?"

"ठरलंच होतं की," मी म्हणाले.

गाडी आम्हीच नेऊन पोचवायची आणि एस.टी.नं परत यायचं, असं ठरवून आम्ही थंडीतल्या एका सकाळी निघालो होतो. कोल्हापूर, मलकापूर, आंबा. आणि आता मी घाटात गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले होते.

चाकाची आतली बाजू ओली होती. बोट लावून वास घेतला. ब्रेकचं तेल. आतल्या रबराचं वय झालं होतं. ते फाटलं आणि सगळं तेल तिथून वाहून गेलं. त्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच नळी. एक फुटलं की सगळे गेले.

खाली जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "बाई, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. चला, साखरप्याला सोडतो. मिस्त्री घेऊन या."

मी अक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. सल्ला देणार नव्हत्या, हे मला दिसलं.

"नको," मी म्हणाले. "होईल माझ्यानं."

माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला अजून कळत नाही. टेम्पो गेला.

भूपालनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की एक चाक गेलं तर त्या चाकाची नळी तोडून टाकायची. बाकीची तीन चाकं घरी नेतात. मी चाकांना दगड लावले, जॅक चढवला, तांब्याच्या हातोडीनं मधला नट सोडवून चाक काढलं. आत जाणारी पोलादी नळी सोडवली, तिचं टोक पक्कडीनं दुमडलं, आणखी एकदा दुमडलं, आणि दगडावर ठेवून चेचून चेचून चपटं केलं. पत्र्यावर तेल पडलं तर रंग जातो म्हणून मडगार्डवर माझी जुनी ओढणी टाकली. चाक परत चढवलं. ब्रेकच्या तेलाची बाटली आम्ही नेहमी बरोबर ठेवायचो. त्याची छोटी टाकी भरली. आता नळीत शिरलेली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात.

"अक्का, स्टिअरिंगला बसा."

"मी?"

"ब्रेक दाबायचा. मी सांगीन तसा."

अक्का आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसल्या. नऊवार नव्हे, पाचवारच, पण त्यांनी ती अशी खोचली की जणू शेतात उतरायचंय. चप्पल काढून ठेवली.

"दाबा," मी चाकामागून ओरडले. "धरून ठेवा. आता सोडा. पुन्हा दाबा."

मी पान्यानं बारीकसा नट सैल करायची, तेलातून बुडबुडे यायचे, घट्ट करायची. मागचं उजवं, मग पुढची दोन. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. येणारी-जाणारी वाहनं हळू होऊन बघायची. दोन बायका, उघडी गाडी, एक चाकाशी लोळतेय आणि दुसरी डोक्यावर पदर घेऊन ब्रेक दाबतेय. शेवटी अक्का म्हणाल्या, "त्रिशला, आता पायाला काहीतरी लागतंय."

मी येऊन दाबून बघितलं. खाली जात होता, पण तळाला जायच्या आधी टणक होत होता.

मी दगडावर बसले आणि रडायला लागले. भूपाल गेल्यापासूनचं सगळं एकदम. अक्का शेजारी येऊन बसल्या. "रड," म्हणाल्या, आणि मग बऱ्याच वेळानं, "पण मला वाटतं उन्हं उतरायच्या आत निघावं."

राहिलेला घाट मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरले. साखरप्याला एका गॅरेजवाल्यानं माझं काम वाकून बघितलं, "चालंल" म्हणाला, आणि रत्नागिरीपर्यंत सावकाश जायला सांगितलं.

सावकाश म्हणजे फार सावकाश झालं. सुर्व्यांच्या घरी पोचलो तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. दार उघडं होतं, पडवीत ताटं मांडून झाकून ठेवलेली. मालनताई गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. अक्कांचं सूर्यास्तानंतर न जेवण्याचं व्रत त्यांना हॉस्टेलपासून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दिवसा उजेडी सगळं तयार ठेवलं होतं.

"गेला की गं सूर्य," मालनताई हळहळल्या. "आता तू जेवणार नाहीस. दुपारी कुठं जेवलात?"

"मी आंब्याला भाकरी खाल्ली," मी म्हणाले. "अक्कांचा उपवास आहे."

"आज? आज कसला उपवास?" मालनताईंनी अक्कांकडं निरखून बघितलं. त्यांची नजर बाहेर उभ्या गाडीकडं गेली आणि परत अक्कांवर आली. "राजमती, तू यातून आलीस? जयसिंगपुरापासून? घाटातून?"

"बसू दे तरी," अक्का म्हणाल्या.

"अगं, तुला तर गाडी लागायची." मालनताई माझ्याकडं वळल्या. "हिला रंकाळ्यापर्यंत टांग्यातून नेली तरी ओकायची. हॉस्टेलची सहल पन्हाळ्याला निघाली की ही खोलीत. सुट्टीला घरी रेल्वेनं जायची, तेही उपाशी. गाडीत बसायचं असलं की आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, तेव्हापासूनची रीत. पुढं हिला शाळा तपासनीस केलं होतं सरकारनं, माहीत आहे का? मोठी जागा. नाही म्हणाली. का, तर जीपमधून गावोगाव हिंडावं लागेल."

मला माहीत नव्हतं. भूपाललाही माहीत नसावं. तो तेव्हा लहान होता.

मी पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिले. दर रविवार डोळ्यांपुढून जायला लागला. मिटलेले डोळे. हनुवटीखालची मूठ. घरी आल्यावर त्या आधी बाथरूममध्ये जायच्या आणि नळ मोठा सोडायच्या, तेही आठवलं. नृसिंहवाडी, बाहुबली, औरवाड. खड्डे, वळणं, आणि माझी बडबड.

मालनताई आत गेल्यावर मी अक्कांना विचारलं, "वर्षभर?"

"काय वर्षभर?"

"अक्का."

त्या पायरीवर बसून पाय चोळायला लागल्या. "तू गाडीत बोलायचीस," त्या म्हणाल्या. "पहिल्या रविवारी वाडीच्या रस्त्याला तू चार वाक्यं बोललीस. घरात सगळ्या महिन्यात मिळून तेवढी बोलली नव्हतीस. मग काय करणार?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नेली असतीस?"

त्या रात्री अक्का उपाशीच निजल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी त्यांच्या शेजारी पडून राहिले आणि एकच विचार पक्का केला, की सकाळी गाडी देऊन टाकायची. या बाईला पुन्हा त्यात बसायची वेळ येता कामा नये.

सकाळी सुर्वे गाडीभोवती फिरले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, चाकाच्या तारांवर टिचकी मारली, खाली वाकून दुमडलेल्या नळीकडं बराच वेळ बघितलं. "कुणी केलं हे?"

"मी."

"चांगलं केलंय," एवढंच म्हणाले. गाडी त्यांना आवडली होती, लपवतही नव्हते. शेड झाडून, जमिनीवर नव्या फरश्या घालून ठेवल्या होत्या त्यांनी. मग माझ्याकडं वळून अदबीनं विचारलं, "तर मग, चावी?"

चावी माझ्या हातात होती. मी पुढं केली, त्यांनी घेतली. अक्का पायरीवर उभ्या होत्या. आता म्हणाल्या, "त्रिशला, कुणासाठी देतेयस?"

"ठरलंय ना."

"माझ्यासाठी देत असशील तर देऊ नकोस. माझं नाव मध्ये आणायचं नाही. तुला काय पाहिजे ते सांग. देऊन टाकावीशी वाटते का? वाटत असेल तर खुशाल दे."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला काय पाहिजे, हे त्याआधी मला कुणी कधी विचारलंच नव्हतं असं नाही. पण भूपाल गेल्यापासून मला काही हवं असू शकतं, हेच मी विसरून गेले होते. हिरव्या मडगार्डवर आदल्या दिवशीचा मातीचा ओरखडा होता. माझ्या नखांत अजून तेल होतं.

"मला ठेवायची आहे," मी म्हणाले.

"मग ठेव," अक्का म्हणाल्या. आणि सुर्व्यांकडं वळून, "भाऊ, तुम्हाला हेलपाटा नाही, आम्हालाच झाला. पण तरी माफ करा."

सुर्व्यांचा चेहरा पडला, ते मी नाकारणार नाही. पण त्यांनी चावी माझ्या हातात परत ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "असं तीन चाकांवर पाठवणार नाही," म्हणाले. रत्नागिरीतलं कुठलं कुठलं दुकान पालथं घालून त्यांनी जुळणारं रबर मिळवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून दिवसभर ते चाक पूर्ववत केलं. पुढं अनेक वर्षं मला अडलेला सुटा भाग ते मुंबईहून, गोव्याहून मिळवून पाठवत राहिले. तशी माणसं भेटली, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी निघताना मी म्हणाले, "अक्का, तुम्ही एस.टी.नं या. मी गाडी एकटी आणते."

"एस.टी. याहून वाईट," त्या म्हणाल्या. "इथं निदान वारा आहे."

घाट चढताना त्यांनी सांगायची मी वाट बघितली नाही. चेहरा उतरला की थांबायची. त्या उतरायच्या, चार पावलं चालायच्या, लिंबू हुंगायच्या, पुन्हा बसायच्या. त्या सबंध रस्त्यात प्रथमच मी गप्प होते आणि त्या बोलत होत्या. भूपालच्या लहानपणाचं, त्यांच्या आईचं, तपासनीसाच्या जागेचं. "जीप नसती तर घेतली असती," म्हणाल्या. "मोह झाला होता."

पुढच्या रविवारी मी गाडी शेडमधून काढली आणि अक्का सवयीनं दाराशी आल्या.

"तुम्ही राहा," मी म्हणाले. "मी एकटी जाऊन येते."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग "भाजी घेऊन ये येताना," म्हणून आत वळल्या. वाडीच्या पुलावरून परत आले तेव्हा त्यांनी दोन ताटं वाढून घेतली होती आणि त्या जेवत होत्या. रविवारी. मला बघून जरा ओशाळल्या. मी हात धुऊन शेजारी बसले आणि रस्त्यात काय काय बघितलं ते सांगायला लागले, ते ताटावरचे हात वाळेपर्यंत सांगत राहिले.

मी पुन्हा शिकले, शिवणकामाच्या शाळेत नोकरी धरली, माझं आयुष्य उभं राहिलं. लोक म्हणतात, त्रिशलाबाई धीराच्या. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी अजून आहे, अजून चालते. रबरं मी वेळेवर बदलते.

रत्नागिरीहून आल्यावर अक्का त्या गाडीत एकदाच बसल्या. शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी. समारंभ संपवून त्या हार हातात घेऊन बाहेर आल्या तर फाटकाशी मी गाडी घेऊन उभी. शाळेच्या मुली दोन्ही बाजूंना. खरं तर घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. "चालत जाईन की मी," त्या पुटपुटल्या, पण मुलींनी दार उघडून धरलं होतं. त्या बसल्या. पदर हनुवटीशी धरला. मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याहून हळू निघाले. मुली बरोबरीनं चालत होत्या, फुलं टाकत होत्या, आणि अक्का डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडं बघत होत्या.

कोपऱ्यावर वळताना मी हळूच विचारलं, "लागत नाही ना?"

"लागतेय," अक्का समोर बघत म्हणाल्या. "थांबू नकोस. आणखी एक चक्कर घे."